अलिबागची सहल फसली, पण मुलांमुळे नाही

पत्र

आम्ही डोंबिवलीला राहतो. मी, नवरा, सासूबाई, साडेसहा वर्षांचा मुलगा आणि अडीच वर्षांची मुलगी. मागच्या महिन्यात एका रविवारी अलिबागला जाऊन यायचं ठरवलं. किल्ला, किनारा, जेवण आणि वेळ उरलाच तर वरसोली, असा बेत होता. पहाटे साडेपाचला निघायचं होतं, निघालो पावणेआठला. वडखळच्या अलीकडे पाऊण तास गाडी हललीच नाही. मुलगी आजीच्या मांडीवर बसून मोबाइलवर गाणी बघत होती. पेणच्या पुढे तिला दोनदा उलटी झाली, कार्लेखिंडीत तिसऱ्यांदा.

अलिबागला पोचेतो बारा वाजले. सव्वाबाराला समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याकडे चालत निघालो, पाणी घोट्याएवढंच होतं. सव्वाला परत फिरलो तेव्हा ते माझ्या गुडघ्याच्या वर आलं होतं. सासूबाई अर्ध्यात घाबरून उभ्या राहिल्या. एका घोडागाडीवाल्याने त्यांना आणि मुलांना किनाऱ्यावर आणलं. जेवायला तीन वाजले, तोवर मुलीने रडून गोंधळ घातला. मुलगा सगळा वेळ उन्हात वाळूत होता, त्याला रात्री ताप आला. घरी पोचायला साडेनऊ झाले. गाडीत आम्हा दोघांचं कडाक्याचं भांडण झालं.

नवरा म्हणतो, मुलं मोठी होईपर्यंत सहली बंद. सासूबाई म्हणतात, लेकराबाळांना घेऊन अशी वणवण करायची असते का? जायचा हट्ट माझा होता, त्यामुळे मी गप्प आहे. आमचं नेमकं कुठे चुकलं? आणि तीन आठवडे झाले, गाडीतला वास जात नाही. त्याचं काय करू?

– एक आई, डोंबिवली

उत्तर

ताई, आधी हट्टाचं बघू. दोन लहान मुलांना घेऊन समुद्र बघायला जावंसं वाटणं यात काहीही गैर नाही आणि त्यासाठी गप्प बसायची गरज नाही. तुमचा बेत ठिकाणांवर बेतलेला होता: किल्ला, किनारा, जेवण, वरसोली. लहान मुलांची सहल तीन वेळांवर बेतावी लागते. त्यांच्या भुकेची, त्यांच्या झोपेची आणि समुद्रावर जात असाल तर पाण्याची. तुमच्या बाबतीत तिन्ही एकाच दिवशी चुकल्या. त्यातली पाण्याची वेळ सगळ्यात गंभीर, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

तुम्ही कळवलेल्या तारखेला षष्ठी होती. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पूर्ण भरती साडेचारच्या सुमारास, पहाटेही आणि दुपारीही. ओहोटी त्याच्या सहा तास आधी-नंतर, म्हणजे सकाळी साडेदहा-अकराला. हा हिशेब शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत चालतो, फक्त अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरावा लागतो. म्हणजे तुम्ही सव्वाबाराला पाण्यात पाय घातलात तेव्हा ओहोटी संपून तास-दीड तास झाला होता आणि समुद्र परत भरायला लागला होता.

मग पाणी घोट्याएवढंच कसं? इथेच पुष्कळ लोक फसतात. भरती सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग पाणी चढतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, पुढे पुन्हा दोन आणि शेवटी एक. भरती-ओहोटीतला फरक तीन मीटर धरा. पहिल्या तासात पाणी जेमतेम पंचवीस सेंटिमीटर चढेल. ते बघून ‘हे काय, कधीचं एवढंच आहे’ असं वाटतं. दुसऱ्या तासात पन्नास सेंटिमीटर, तिसऱ्यात पाऊण मीटर. अडीच वर्षांच्या मुलीची उंची साधारण नव्वद सेंटिमीटर असते. तुम्ही किल्ल्यात होतात तो नेमका वेग वाढण्याचा काळ. शिवाय किल्ला आणि किनारा यांमधला पट्टा सपाट नाही. खोलगट जागा आधी भरतात, त्यामुळे दरवाज्यातून समोर खडक उघडे दिसत असले तरी वाटेत पाणी चढलेलं असतं. तुम्ही अजून अर्धा तास थांबला असतात, तर मुलाला हात धरून आणणंही अवघड होतं. घोडागाडीवाल्याला बोलावणं हा त्या दिवसातला तुमचा सगळ्यात शहाणा निर्णय होता.

पुढच्या वेळेसाठी नियम सोपा ठेवा. ओहोटीच्या वेळेआधी तासभर पाण्यात उतरायचं आणि ओहोटीची वेळ झाली की किल्ल्यातून बाहेर पडायचं, तटावर कितीही छान वारा असो. पाणी अजून उतरत असताना आत जायचं आणि चढायला लागण्याआधी किनाऱ्याला लागायचं.

तिथी निवडतानाही एक गोष्ट बघा. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणून ती सोयीची वाटते. पण सप्तमी-अष्टमीला भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही, आणि मधल्या पट्ट्यात भर ओहोटीलाही पाणी राहतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा पाणी खूप मागे जातं खरं, पण ते पहाटे आणि संध्याकाळी, आणि परत येतंही तितक्याच जोरात. लहान मुलं बरोबर असतील तर तृतीया, चतुर्थी, पंचमी या तिथी उत्तम. ओहोटी सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान येते, ऊन कोवळं असतं आणि पाणीही पुरेसं उतरतं. कॅलेंडरवर रविवारी यांपैकी तिथी कधी येते ते शोधा, मग त्या तारखेचं अलिबागचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक इंटरनेटवर बघून नक्की करा, आणि किनाऱ्यावर घोडागाडीवाल्यांना किंवा कोळी मंडळींना विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका. पावसाळ्यात हा किल्ला मुलांसाठी नाहीच.

किल्ल्यात मुलांना काय दाखवायचं हे आधी ठरवलं की वेळही वाचतो. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये याचं बांधकाम सुरू केलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं, आणि पुढे कान्होजी आंग्र्यांचं आरमार इथूनच चालायचं. साडेसहा वर्षांच्या मुलाला एवढं सांगितलं तरी भरपूर झालं. त्याला खरी मजा वाटेल ती तटावरच्या चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन तोफांची आणि खाऱ्या समुद्राच्या मधोमध असलेल्या गोड्या पाण्याच्या तलावाची. गणपतीचं दर्शन, तलाव, तोफा, झालं. पाऊण तासात होतं. पूर्ण तटाला फेरी मारायचा आग्रह धरू नका. आणि सासूबाईंचे गुडघे दुखत असतील, तर त्यांना जातानाही घोडागाडीनेच न्या.

आता गाडीतल्या उलट्या. गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांच्या आत क्वचितच होतो आणि दोन ते बारा या वयात सगळ्यात जास्त. तुमची मुलगी त्या वयात नुकतीच शिरली आहे, त्यामुळे मागच्या वर्षी तिला काही झालं नसेल, तर त्यात नवल नाही. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगतो, गाडी वळतेय, हिसके बसताहेत. डोळे मोबाइलवर असले की ते सांगतात, सगळं स्थिर आहे. या गोंधळात पोट ढवळतं. मांडीवर बसलेल्या लहान मुलीला समोरची काच दिसत नाही, दिसते फक्त पुढच्या सीटची पाठ. म्हणून मोबाइल काढून घेतला तरी ती मांडीवर असेपर्यंत त्रास निम्माच कमी होईल.

तिला मागच्या सीटवर मुलांच्या आसनात बसवा, अशा उंचीवर की पुढचा रस्ता दिसेल. हे उलटीपुरतं नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांचं आसन नसेल तर मोटार वाहन कायद्यात हजार रुपये दंड आहे. आणि दंडाचं सोडा, गाडी ताशी पन्नास किलोमीटरवरून अचानक थांबली तर कुठल्याही आजीला नातीला धरून ठेवता येत नाही, मिठी कितीही घट्ट असो. सासूबाईंना हे नीट समजावून सांगा. त्यांची माया कमी पडते असा याचा अर्थ नाही, धक्क्याचा जोर माणसाच्या हातांपेक्षा मोठा असतो इतकंच.

निघताना पेलाभर दूध देऊ नका. वडे, पुरी, वेफर्स नकोत, पण उपाशीपोटीही नेऊ नका, रिकाम्या पोटी मळमळ वाढते. अर्धी पोळी किंवा एक इडली, आणि मग दर पाऊण तासाने दोन-चार घास कोरडं काहीतरी. वाटेच्या डब्याला दशम्या सगळ्यात चांगल्या. दुधात भिजवलेल्या कणकेच्या असल्याने मऊ राहतात, हातात धरून खाता येतात, दिवसभर टिकतात. दहीभाताचा मोह टाळा. शिजलेला भात उन्हाळी हवेत दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिला की पोट बिघडवू शकतो, आणि गाडीत तर हवा आणखी तापलेली असते.

काच थोडी उघडी ठेवा, गाडीत अत्तर किंवा सुगंधी वडी नको. वळणांवर हळू चालवा. मुलगी अचानक गप्प झाली, जांभया द्यायला लागली, चेहरा पांढरा पडला, तोंडात लाळ सुटली, की समजा पाच मिनिटं हातात आहेत. त्याच वेळी सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या, तिला उतरवून मोकळ्या हवेत उभं करा, लांबचं झाड किंवा डोंगर बघायला सांगा. दहापैकी बऱ्याच वेळा उलटी टळते. तुम्ही वडखळच्या रांगेत होतात तेव्हा हे अवघड होतं, कबूल, पण कार्लेखिंडीत वळणं सुरू व्हायच्या आधी पोयनाडला दहा मिनिटं थांबता आलं असतं.

उलटी झालीच तर लगेच पाणी ढोसायला लावू नका, तेच पाणी उलटून पडतं. चूळ भरायला द्या, दहा मिनिटं थांबा, मग ओआरएसचं पाणी एक-एक चमचा, दर मिनिट-दोन मिनिटांनी. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण कालवायचं. अर्ध्या पाकिटाला अंदाजे पाणी, असं करू नका, क्षारांचं प्रमाण बिघडतं. घरी करायचं झालं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. दुकानातली फळांच्या चवीची गोड पेयं ही ओआरएस नव्हेत. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते बघून घ्या. सहा-आठ तासांत शू झाली नाही, डोळे खोल गेले, मूल सुस्त पडलं, उलटी हिरवी किंवा रक्ताची झाली, तर सहल तिथेच थांबवून दवाखाना गाठायचा.

गाडी लागू नये म्हणून औषध असतं, पण ते मुलांच्या डॉक्टरांकडून वजनानुसारच घ्या आणि पहिला डोस प्रवासाच्या दिवशी देऊ नका. काही मुलांना त्याने गुंगी येते, काही उलट चिडचिडी होतात. आधी एखाद्या सुट्टीत डॉक्टरांना विचारून घरीच देऊन पाहा.

मुलाच्या तापाबद्दल. भर दुपारी वाळूत खेळलेल्या मुलाचं अंग रात्री तापलं तर पहिला संशय उन्हाचा. आधी कपडे सैल करायचे, साध्या पाण्याने अंग पुसायचं, पंखा लावायचा, ओआरएस पाजायचं. पॅरासिटामॉल द्यायचं तर किलोला दहा ते पंधरा मिलिग्रॅम, म्हणजे वीस किलोच्या मुलाला एका वेळी दोनशे ते तीनशे, आणि दोन डोसांमध्ये किमान चार तास. पण बाटली वाचा: सिरप वेगवेगळ्या तीव्रतेचं येतं, पाच मिलिलिटरमध्ये सव्वाशे मिलिग्रॅमवालं आणि अडीचशेवालंही. त्यामुळे ‘एक चमचा’ या मापाला अर्थ नाही. मूल बरळायला लागलं, झटका आला किंवा अंग कोरडं आणि भाजल्यासारखं गरम लागलं, तर औषधाची वाट न बघता ओल्या कापडाने गार करत थेट रुग्णालयात न्या. किनाऱ्यावर क्रीमपेक्षा पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा आणि कानांवर सावली येईल अशी टोपी जास्त कामाची. क्रीम लावलंत तर दर दोन तासांनी परत लावावं लागतं, आणि ते कोणीच करत नाही.

आता वेळेचं. तुमची मुलगी दुपारी एक ते तीन झोपत असेल. त्या दिवशी त्या वेळात ती आधी समुद्रात होती, मग हॉटेलात ताटाची वाट बघत. तीन वाजता तिने घातलेला गोंधळ हा हट्टीपणा नव्हता. झोपेची ही वेळ गाडीत यावी असा बेत करा. पहाटे साडेपाचला निघायचं म्हणजे निघायचं. बॅगा रात्रीच गाडीत, मुलांना झोपेतून उचलून थेट आसनात, तोंड धुणं पनवेलला. सव्वाआठपर्यंत अलिबाग. पंचमीसारखी तिथी असेल तर थोडं खाऊन पावणेनऊला किल्ला, दहाच्या आत बाहेर. साडेअकरापर्यंत किनाऱ्यावर, सावलीत. जेवण साडेअकराला, कारण बारा वाजले की रविवारी प्रत्येक खाणावळीबाहेर पाऊण तास उभं राहावं लागतं. मुलांसाठी वरण-भात, घावन, असं पटकन येणारं आधी मागवा, मोठ्यांची थाळी नंतर आली तरी चालेल. साडेबाराला गाडी सुरू. मुलं झोपतात आणि चार वाजल्यापासून पेण-पनवेलला जी परतीची रांग लागते तिच्या आधी तुम्ही घरी असता. वरसोली विसरा. एका दिवसात एकच ठिकाण.

आणि रात्रीच एक वाक्य दोघांनी मिळून ठरवा: अमुक वाजेपर्यंत वडखळ ओलांडलं नाही, तर किल्ला रद्द, फक्त किनारा. निर्णय आधी घेतलेला असला की तो कोणाच्या डोक्यावर बसत नाही. तुमचं भांडण तिथेच पेटलं असणार. उशीर झालाय हे दोघांनाही दिसत होतं, पण ‘आता नको’ म्हणायची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

तसंच मुलांची वाटणी. ‘आपण सगळे आहोत ना’ म्हटलं की किनाऱ्यावर कोणाचंच लक्ष नसतं. एका मुलावर एका मोठ्या माणसाचा पहारा, आणि तो बदलताना तोंडाने म्हणायचं: ‘आता धाकटी तुझ्याकडे.’ समोरच्याने ‘हो’ म्हटल्याशिवाय मान वळवायची नाही. पाण्यापाशी मूल हाताच्या अंतरावर हवं. सासूबाईंवर दोन्ही मुलं सोपवू नका. सकाळी निघताना मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढा, मनगटावर पेनने तुमचा नंबर लिहा. मूल दिसेनासं झालंच तर आधी पाण्याच्या दिशेने बघायचं, मग 112 ला फोन. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 आहे.

नवरोजींना थेट अलिबागचं नाव काढू नका. एकदा छोटी सहल नीट पार पाडून दाखवा. अंबरनाथचं शिवमंदिर तुमच्या घरापासून लोकलने अर्ध्या तासाच्या आत आहे. आगगाडीत वळणांचे हिसके नसल्याने मुलीला त्रास व्हायची शक्यता खूपच कमी. स्टेशनवरून रिक्षा मिळते. मंदिर 1060 सालचं, शिलाहारांच्या काळातलं, बाहेरच्या भिंतींवर हत्ती आणि माणसं शोधत मुलगा अर्धा तास रमेल, आणि गाभाऱ्यात उतरायच्या पायऱ्यांची दोघांनाही मौज वाटेल. सासूबाईंना दर्शन होईल. सकाळी आठला निघा, अकराला घरी. उलटी, ऊन, भूक, तिन्हींची परीक्षा तीन तासांत होते आणि काही बिघडलंच तर घर जवळ असतं. सासूबाईंना या वेळी वेळापत्रक ठरवायलाच बसवा. तिथीचा हिशेब त्यांना तुमच्यापेक्षा लवकर जमेल.

राहिला गाडीतला वास. तीन आठवड्यांनीही तो येतोय म्हणजे दूध किंवा अन्न सीटच्या फोममध्ये किंवा पट्ट्याच्या कुलपात गेलंय. वरवर पुसून आणि अत्तर मारून जाणार नाही. सीट आणि पाठ यांमधली फट उघडून कोरडे कण व्हॅक्यूमने ओढून घ्या. डागावर थोडं कोमट पाणी आणि दोन थेंब भांड्यांचा साबण टाकून ब्रशने घासा, कोरड्या पंचाने दाबून दाबून पाणी टिपा. मग ओलसर असतानाच खायचा सोडा जाड थरात पसरा, रात्रभर ठेवा, सकाळी ओढून घ्या. लागलं तर दोनदा करा. त्यानंतर दारं उघडी ठेवून दोन-तीन तास ऊन दाखवा, फोम आत ओला राहिला तर बुरशीचा वास सुरू होतो. सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून चिमटा लावा, साबणाच्या पाण्याने पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच आत सोडा. ब्लीच पट्ट्याला लावू नका, त्याने धागे कमजोर होतात. आणि पुढच्या वेळेपासून मुलीच्या पुढ्यात झाकणाचा एक रिकामा आइस्क्रीमचा डबा, दोन कपडे आणि एक जुना पंचा ठेवा. डिकीत नाही, हाताशी.